शिवाजी विद्यापीठ नसतं, तर तुमच्या घरातला पहिला पदवीधर कधी झाला असता?

शिरोळची_सई | ७ नोव्हेंबर, रात्री ९:४२

नमस्कार मंडळी,

येत्या १८ तारखेला शिवाजी विद्यापीठाचा वर्धापनदिन आहे. १९६२ साली याच तारखेला राष्ट्रपती डॉ. सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. चीनचं युद्ध तेव्हा ऐन भरात होतं. अशा दिवसांत कोल्हापूरच्या उघड्या सागरमाळावर विद्यापीठ उभं राहत होतं, हे मला फार मोठं वाटतं.

धागा काढायचं कारण घरगुती आहे. दिवाळीआधी माळा आवरताना आजीची पत्र्याची ट्रंक निघाली. तळाला खताच्या पिशवीचं जाड प्लास्टिक, आणि त्यात गुंडाळलेलं बाबांचं पदवी प्रमाणपत्र. बी.कॉम., द्वितीय श्रेणी, १९७९. उजव्या कोपऱ्यात हळदीचा आणि कुंकवाचा बोटभर डाग. बाबांना विचारलं तर म्हणाले, "आई दर खंडेनवमीला विळा, खुरपं, कुदळ मांडायची ना, त्यांच्या रांगेत हेही ठेवायची." आजीला सही येत नव्हती. कागदावर काय लिहिलंय ते तिनं कधी वाचलं नाही, पण हे घरातलं अवजार आहे एवढं तिला पक्कं माहीत होतं.

बाबा आमच्या घरातले पहिले पदवीधर. शिरोळहून जयसिंगपूरला सायकलवर जायचे, संध्याकाळी परत येऊन वैरण काढायचे. पुण्याला राहून शिकायचं असतं तर आजोबांनी पाठवलंच नसतं, घरात तेवढा पैसाच नव्हता.

म्हणून दोन गोष्टी विचारते. तुमच्या घरात पहिला पदवीधर कोण, आणि केव्हा? आणि विद्यापीठ "वाढलं" असं आपण म्हणतो तेव्हा नेमकं काय वाढलं असं तुम्हाला वाटतं? सुरुवातीला ३४ महाविद्यालयं आणि सुमारे १४ हजार विद्यार्थी होते. आज महाविद्यालयांचा आकडा अडीचशेच्या पुढे आहे. पण मला आकड्यांच्या आतलं ऐकायचंय.

---

नाद_खुळा_९३ | ७ नोव्हेंबर, रात्री ९:५८

पहिला नंबर आपला! मोठी ताई, बी.एस्सी., २००१. निकालाच्या दिवशी वडिलांनी आख्ख्या गल्लीला पेढे वाटले. दुकानदारानं विचारलं, "पोरीचं लग्न ठरलं काय?" वडील म्हणाले, "त्याहून भारी झालंय."

---

बार्शीकर_मोहन | ७ नोव्हेंबर, रात्री १०:३१

सईताई, हळदीचा डाग वाचून बराच वेळ थांबलो.

आम्ही सोलापूर जिल्ह्यातले. २००४ च्या ऑगस्टमध्ये सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ झालं. त्याआधी आमच्याही गुणपत्रिकेवर शिवाजी विद्यापीठच असायचं. १९८८ साली मला एका कागदासाठी कोल्हापूरला जावं लागलं. बार्शीहून मिरजेपर्यंत तेव्हा नॅरोगेजची छोटी गाडी होती. कुर्डूवाडी, पंढरपूर, सांगोला करत ती इतकी सावकाश जायची की पोरं उतरून बाभळीच्या शेंगा तोडायची आणि पळत येऊन पुन्हा चढायची. मिरजेला गाडी बदलून कोल्हापूर. रात्र स्टेशनवर काढली, सकाळी विद्यापीठात. काम अर्ध्या तासात झालं, बाई फार चांगल्या बोलल्या, "एवढ्या लांबनं आलास, चहा घेतलास का?" असंही विचारलं. पण एका कागदासाठी जाऊन येऊन तीन दिवस मोडले.

त्यामुळं सोलापूरचं विद्यापीठ वेगळं झालं तेव्हा मला आनंदच झाला. आपल्यातून दुसरं विद्यापीठ निघालं, हीसुद्धा वाढच आहे. घरातला मुलगा वेगळा संसार थाटतो तसं.

---

ताम्रपर्णीकाठ | ७ नोव्हेंबर, रात्री ११:०४

आमच्या घरात पहिली पदवीधर माझी आई. चंदगड तालुका. दहावीनंतर लग्न झालं, दोन मुलं झाली, मग शेजारच्या शाळेतल्या बाईंनी तिला बाहेरून बी.ए.चा अर्ज भरायला लावला. आई चुलीपुढं बसून वाचायची. भाकरी थापताना पुस्तक उघडं ठेवता यावं म्हणून पानावर पाटा-वरवंट्यातला वरवंटा ठेवायची. तिच्या "मराठी वाङ्मयाचा इतिहास"च्या पानांत अजून पीठ सापडतं.

मुख्य म्हणजे पेपर मराठीतून लिहिता आला. इंग्रजीतूनच लिहायचा असता तर आईनं अर्जच भरला नसता. नंतर ती अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या परीक्षेला बसली आणि लागली.

---

विचारी_वाटसरू | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:१५

सगळ्यांच्या आठवणी मनापासून वाचल्या, तरी थोडं वेगळं मांडतो. कुणी रागावू नये.

सईताईंचे बाबा शिकले ते जयसिंगपूरच्या महाविद्यालयामुळं. ताम्रपर्णीकाठ यांच्या आई शिकल्या त्या शेजारच्या बाईंमुळं. या भागात शिक्षण खेड्यापर्यंत नेलं ते राजर्षी शाहू महाराजांच्या वसतिगृहांनी, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेनं, बापूजी साळुंखे यांच्या विवेकानंद शिक्षण संस्थेनं. रयत १९१९ ची, विवेकानंद १९५४ ची. राजाराम कॉलेज तर १८८० पासूनचं, गोपाळ कृष्ण गोखले तिथं शिकले. सांगलीचं विलिंग्डन १९१९ चं. म्हणजे विद्यापीठ यायच्या आधीच पाया घातला होता.

विद्यापीठानं काय केलं? परीक्षा घेतल्या, निकाल लावले, प्रमाणपत्रं छापली. हे काम पुणे विद्यापीठही करतच होतं. मग श्रेय कुणाचं?

---

नाद_खुळा_९३ | ८ नोव्हेंबर, सकाळी ७:४०

वाटसरूदादा, सकाळी सकाळी तांबड्या रश्शाचा पहिला घोट दिलात की! आता मास्तर येणार बघा.

---

निवृत्त_मास्तर | ८ नोव्हेंबर, सकाळी १०:२०

आलो.

वाटसरू, तुम्ही घेतलेली नावं योग्यच आहेत. शाहू महाराजांनी १९०१ पासून जातीजातींची वसतिगृहं उभी केली, १९१७ ला सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण आणलं. भाऊराव स्वतः कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेले. ते नसते तर विद्यापीठाला विद्यार्थी कुठून मिळाले असते?

पण पुढचा भाग बघा. मी १९६० च्या दशकात राजाराम कॉलेजात शिकलो. त्याच्या थोडं आधीच्या बहुतेक पोरांना एम.ए. करायचं तर पुणं किंवा मुंबई गाठावी लागे. बी.ए.पर्यंत गावात, पुढं घोडं अडलेलं. ज्याचा नातेवाईक पुण्यात तो पुढं जाई, बाकीचे शाळेत मास्तर होत. विद्यापीठ आलं आणि पदव्युत्तर विभाग कोल्हापुरात सुरू झाले. त्या विभागांतून एम.ए., एम.एस्सी. झालेली पोरं पुढं इस्लामपूर, तासगाव, गडहिंग्लज, कराडच्या महाविद्यालयांत प्राध्यापक म्हणून गेली. रयतेनं आणि विवेकानंदनं महाविद्यालयं काढली, पण त्यांत शिकवायला माणसं कुठून आली असती? तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर एवढंच. विहीर संस्थांनी खोदली, झरा विद्यापीठानं दिला.

दुसरं, पहिले कुलगुरू डॉ. आप्पासाहेब पवार. इतिहासाचे माणूस, ताराबाईकालीन कागदपत्रांचं संपादन करणारे. त्यांना मिळाला तो माळ म्हणजे खडक, कुसळं आणि वारा. ८५३ एकर. आज तिथं जी गर्द झाडी दिसते ती लावलेली आहे, आपोआप उगवलेली नाही. आम्ही विद्यार्थी असताना मुख्य इमारतीकडं जाताना डोक्यावर सावली म्हणून नव्हती. पुस्तक डोक्यावर धरून चालायचो. आता त्याच रस्त्यावर मे महिन्यात ऊन शोधावं लागतं.

आणि त्याही आधी राजाराम कॉलेजचे प्राचार्य डॉ. बाळकृष्ण यांनी कोल्हापुरात विद्यापीठ व्हावं असं म्हणून ठेवलं होतं. ते स्वतः शिवचरित्राचे अभ्यासक. ते गेले १९४० ला, विद्यापीठ झालं १९६२ ला. मधली बावीस वर्षं या मागणीमागं पुष्कळ माणसं लागून राहिली.

---

पानफूल | ८ नोव्हेंबर, सकाळी ११:०२

मास्तर, झाडांचा विषय काढलात म्हणून आलेच.

मी वनस्पतिशास्त्राची. विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांचा संग्रह आहे, तो बघितल्याशिवाय कुणी विद्यापीठ बघितलं असं म्हणू नये. शास्त्रीय नाव सेरोपेजिया. सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, आणि कड्यांवर वाढणारी ही नाजूक रोपं, त्यांतल्या कितीतरी जाती जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. जमिनीखाली छोटा कंद असतो, गुराखी तो उकरून खातात. चराई, खाणी, रस्ते यांनी त्या दुर्मिळ झाल्या. प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी डोंगर पालथे घालून त्या शोधल्या, वाढवल्या आणि काही पुन्हा रानात नेऊन लावल्या.

फूल खरंच कंदिलासारखं. खाली फुगीर, मध्ये नळी, वर पाकळ्यांचा पिंजरा. नळीत आतल्या बाजूनं केस असतात, टोकं खाली झुकलेली. चिलटासारखी माशी वासानं आत शिरते, केसांमुळं तिला वर येता येत नाही. आत धडपडताना परागकणांचे पुंजके अंगाला चिकटतात. मग केस सुकतात, फूल कलतं आणि माशी मोकळी होते. सरांनी भिंगाखाली हे पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते. आजरा तालुक्यातली पोर, हेच फूल आमच्या सड्यावर शेकडो वेळा तुडवून गेलेली. त्या दिवसानंतर सड्यावर पाय जपून टाकायला लागले.

---

कोरियातला_कराडकर | ८ नोव्हेंबर, दुपारी १:३३

पानफूल, सुंदर लिहिलंत. आता माझं फूल सांगतो, ते काचेवर उगवतं. 🙂

मी विद्यापीठातून पदार्थविज्ञानात पीएच.डी. केली आणि आता दक्षिण कोरियात पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतरचं संशोधन, करतोय. इथं आमच्या प्रयोगशाळेच्या मजल्यावर कधीकधी कोरियनपेक्षा मराठी जास्त ऐकू येतं. त्यातही कोल्हापूर, सांगली, सातारा. "काय रं, जेवलास का?" ही हाक सोलच्या उपनगरात आठवड्यातून चारदा तरी येते. हे असं का झालं ते सांगतो, कारण वाटसरूंच्या प्रश्नाला ते लागू पडतं.

पातळ थर, म्हणजे थिन फिल्म. काचेवर किंवा धातूवर केसापेक्षा कितीतरी पातळ असा पदार्थाचा लेप द्यायचा. मोठ्या संस्थांत त्यासाठी निर्वात पंपांची महागडी यंत्रं असतात. आपल्याकडं तेवढा पैसा नव्हता. मग शिवाजी विद्यापीठात रासायनिक पद्धतींवर भर दिला गेला. प्रा. सी. डी. लोखंडे यांचं नाव या क्षेत्रात सगळीकडं माहीत आहे. सिलार नावाची पद्धत तर अशी आहे: चार बीकर ओळीनं मांडा. काचेची पट्टी पहिल्या द्रावणात बुडवा, मग पाण्यात धुवा, मग तिसऱ्यातल्या द्रावणात, मग पुन्हा पाण्यात. परत पहिल्यापासून. शंभर वेळा, दोनशे वेळा. मी सुरुवातीला हातानं करायचो, घड्याळ समोर ठेवून. वीस सेकंद, दहा सेकंद, वीस, दहा. मनगट दुखायचं, पण हळूहळू स्वच्छ काचेवर पिवळसर छटा यायला लागायची. पहाटे आकाशाला रंग चढतो ना, तशी. ती पहिल्यांदा दिसली तेव्हा मी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या मित्राला ओढत आणून दाखवली होती.

त्यातून सौर घट, वायू ओळखणारे संवेदक, वीज साठवणारे सुपरकपॅसिटर अशी कामं झाली. कमी पैशात चांगलं काम करणारी पोरं म्हणून कोरियातल्या प्राध्यापकांनी आपल्या लोकांना बोलवायला सुरुवात केली, आधी गेलेल्यांनी पुढच्यांना वाट दाखवली. परीक्षा घेणाऱ्या कार्यालयातून हे झालं नसतं, वाटसरूसाहेब.

घरातला पहिला पदवीधर: मीच. २०११.

---

विचारी_वाटसरू | ८ नोव्हेंबर, दुपारी ३:१०

मास्तर, झऱ्याचा मुद्दा मान्य. कराडकर आणि पानफूल, तुमचे प्रतिसाद मी बायकोला वाचून दाखवले.

पण माझं दुखणं दुसरं आहे. विद्यापीठाच्या आवारातलं विद्यापीठ आणि संलग्न महाविद्यालयांचं विद्यापीठ ही दोन वेगळी जगं झालीत. बहुतेक पोरं पदवीसाठी महाविद्यालयातच शिकतात, आवारात ती परीक्षेच्या कामापुरती येतात. अडीचशेहून जास्त महाविद्यालयांचे पेपर काढायचे, तपासायचे, निकाल लावायचे, यातच यंत्रणेची निम्मी शक्ती जाते. मुंबई, पुणे, नागपूर, सगळ्याच संलग्नता देणाऱ्या विद्यापीठांचं हे दुखणं आहे. २०२१ ला नॅकनं, म्हणजे विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेनं, शिवाजी विद्यापीठाला अ++ दिलं, ३.५२ गुणांसह, याचा मलाही अभिमान आहे. पण गडहिंग्लजच्या पलीकडच्या एखाद्या महाविद्यालयातल्या पोराला त्या अ++ मधलं किती मिळतं, हे कुणी मोजतं का?

---

तासिकावाली | ८ नोव्हेंबर, दुपारी ४:४५

वाटसरूदादा, मी तिथंच असते, त्या पलीकडच्या महाविद्यालयात. नाव सांगत नाही.

एम.ए. झाले, सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा झाले, पीएच.डी. झाली. आठ वर्षं सीएचबीवर (क्लॉक अवर बेसिस) आहे. तासाप्रमाणे पैसे, तेही कधी तीन महिन्यांनी, कधी वर्षअखेरीला. मे महिन्यात काहीच नाही. गेल्या वर्षी दोन विषयांचे मिळून आठवड्याला ठरलेल्यापेक्षा जास्त तास घेतले, कारण कायम प्राध्यापक निवृत्त झाले आणि जागा भरली नाही. राज्यातल्या सगळ्याच सार्वजनिक विद्यापीठांत आणि महाविद्यालयांत जागा रिकाम्या पडल्यात. वाढ-वाढ म्हणताना हे कुणीतरी लिहायला हवं होतं, म्हणून लिहिलं.

तरी शिकवणं सोडलं नाही. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, ऊसतोड मजुरांची. हंगामात आई-वडील फडावर असतात, ती आजीकडं राहते. पहिल्या वर्षी तिला उभं राहून बोलता येत नव्हतं. मागच्या महिन्यात तिनं वर्गात "आमच्या टोळीची भाषा" या विषयावर वीस मिनिटं सांगितलं. मोळी, वाढं, कोयता, उचल, मुकादम, एकेका शब्दाचा अर्थ फळ्यावर लिहून. मी मागच्या बाकावर बसून टिपणं काढली. तिला एम.ए.ला विद्यापीठाच्या मराठी विभागात पाठवायचंय.

---

निवृत्त_मास्तर | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ५:२०

तासिकावाली बाई, तुमच्यासारख्यांना आठ वर्षं असं ठेवणं हा अन्याय आहे. आमच्या वेळी एम.ए. झाल्याझाल्या नेमणूक मिळाली, त्याच्या जोरावर आम्ही घर बांधलं, मुलं शिकवली. तुमच्या पिढीला ते मिळालं नाही आणि तरी तुम्ही वर्ग सोडला नाहीत. त्या मुलीला विभागात जरूर पाठवा. जाताना तिला वि. स. खांडेकर स्मृती संग्रहालय दाखवा, आवारातच आहे. तिथली हस्तलिखितं बघितली की लिहिणारं माणूसही खोडतं, परत लिहितं, हे मुलांना डोळ्यांनी दिसतं.

---

पन्हाळा_परतीची_वाट | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:०५

एवढी चर्चा चाललीय तर नावाचाही विषय घ्या. पूर्ण नाव, "छत्रपती शिवाजी महाराज विद्यापीठ" असं हवं. आदरानं घेतलं पाहिजे.

---

रंकाळा_रोज | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:२२

आदर सगळ्यांच्याच मनात आहे, दादा. पण नाव ठरलं तेव्हा यावर विचार झाला होता. लांब नावाचं लोक संक्षेप करून टाकतात आणि मूळ नावच तोंडातून जातं. बडोद्याचं महाराजा सयाजीराव विद्यापीठ "एम. एस." झालं ते आपण बघतोच. "शिवाजी विद्यापीठ" असंच ठेवलं म्हणून गेली साठ वर्षं प्रत्येक पोराच्या तोंडी "शिवाजी" हे नाव आहे.

---

संचालक | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ६:५०

नावाचा विषय महत्त्वाचा आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा ही विनंती. इथं मूळ प्रश्नावर राहू या.

---

रंकाळा_रोज | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:१४

बरोबर. मग थोडं हलकं लिहितो.

मी विद्यापीठात कधी शिकलो नाही, पण गेली पंधरा वर्षं रोज पहाटे तिथं चालायला जातो. सायबर चौकातून आत शिरायचं, मुख्य इमारतीपर्यंत, बी. आर. खेडकरांनी घडवलेल्या अश्वारूढ पुतळ्याला नमस्कार, आणि परत. मोर ओरडत असतात. एकदा एक लांडोर पाच पिल्लं घेऊन रस्ता ओलांडत होती, तर दोन्ही बाजूंना चालणारी तीस-चाळीस माणसं थांबली. कुणी बोललं नाही. ती पार झाल्यावर एका आजोबांनी टोपी काढून हातात घेतली. मिसळ खायला गेल्यावर त्या दिवशी टेबलावर दुसरा विषय नव्हता.

पण खरं सांगायचंय ते २०१९ चं. महापूर आला, पंचगंगेच्या काठचे उपसा पंप पाण्याखाली गेले. चारी बाजूंना पाणी आणि नळाला थेंब नाही. आमच्या गल्लीत बाया पागोळ्यांखाली पातेली लावत होत्या. विद्यापीठानं आवारात तळी, विहिरी करून पावसाचं पाणी साठवलेलं. त्या दिवसांत तिथून टँकर भरून शहरात पाणी आलं. माझी आई रांगेत उभी होती. हंडा भरल्यावर म्हणाली, "पोरगं तिथं शिकलं नाही, पण पाणी तिथलं प्यालं."

आप्पासाहेबांच्या खडकाळ माळावरचं पाणी, मास्तर.

---

निवृत्त_मास्तर | ८ नोव्हेंबर, सायंकाळी ७:३१

🙏 आईंना सांगा, वाचून डोळे भरून आले.

---

जतचा_ज्ञानबा | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१०

दोन दिवस वाचतोय. आज लिहितो.

जत तालुका म्हणजे दुष्काळ, हे सांगायला नको. १९९४ ला बी.ए. झालो आणि एम.ए. अर्थशास्त्राला विद्यापीठात आलो. खिशात बाराशे रुपये, वडिलांनी दोन शेळ्या विकलेल्या. कुणीतरी सांगितलं, विद्यार्थी भवनात जा, "कमवा व शिका"मध्ये घेतात. ही योजना मुळात कर्मवीरांची, विद्यापीठानं ती आपल्या आवारात रुजवली. राहायला खोली, रोज काही तास काम, उरलेल्या वेळात अभ्यास.

मला काम मिळालं बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयात. परत आलेली पुस्तकं ढकलगाडीत घालायची, पाठीवरचा क्रमांक बघून कपाटात लावायची. सुटलेल्या चिठ्ठ्या डिंकानं चिकटवायच्या. डिंक बोटांना वाळायचा, रात्री जेवताना भाकरीला त्याचा वास यायचा. पहिले आठ दिवस फक्त क्रमांक बघत होतो. नवव्या दिवशी ३३० च्या, म्हणजे अर्थशास्त्राच्या, कपाटापाशी एक पुस्तक हातातून पडलं आणि उघडलं. शेतीच्या कर्जावरचं होतं. तिथंच फरशीवर बसून तीस पानं वाचली. आमच्या गावातला सावकार, सोसायटी, थकबाकी, सगळं त्यात होतं, आकड्यांत मांडलेलं. आपल्या घरात घडतं त्यावर कुणी पुस्तक लिहितं हेच मला माहीत नव्हतं. ग्रंथपाल मागं उभे होते. मी घाबरून उठलो. ते म्हणाले, "काम संपलं की हे तुझ्या नावावर घेऊन जा."

भवनात बेळगाव सीमेवरचा एक, माणचा एक, शाहूवाडीचा एक आणि मी, चौघं एका खोलीत. माणचा आणि मी, दोघं पाण्याला भ्यालेले. आंघोळीला अर्धी बादली वापरायचो. शाहूवाडीचा हसायचा, "घ्या की रं, इथं पाणी हाय." आज माणचा तहसीलदार आहे, शाहूवाडीचा प्राचार्य, सीमेवरचा शेती करतो आणि आम्हा तिघांना दर वर्षी काजू पाठवतो. मी बँकेतून ग्रामीण कर्जाच्या विभागातून निवृत्तीला आलोय.

वाटसरूसाहेब, आवारातलं आणि बाहेरचं जग वेगळं आहे हे तुमचं खरं आहे. मधला दरवाजा म्हणजे ही असली योजना. तो दरवाजा आणखी रुंद करा, असं म्हणा. मी तुमच्याबरोबर आहे.

---

नाद_खुळा_९३ | ८ नोव्हेंबर, रात्री ९:१९

ज्ञानबाकाका, दंडवत.

---

विचारी_वाटसरू | ८ नोव्हेंबर, रात्री ११:४०

ज्ञानबाकाका, दरवाजा रुंद करा हे मला पटलं, आणि मी इतके दिवस नुसतं भिंतीकडंच बघत होतो हेही कळलं.

तरी माझं मागणं कायम ठेवतो. २०२१ ला साताऱ्यात कर्मवीरांच्या नावानं समूह विद्यापीठ, म्हणजे काही महाविद्यालयं मिळून एक विद्यापीठ, झालं, काही महाविद्यालयं स्वायत्त झाली. परीक्षांचा भार असा वाटला जात असेल तर उरलेली ताकद तासिकावाली ताईंसारख्यांच्या वर्गाकडं वळली पाहिजे. जागा भरायचा निर्णय सरकारच्या हातात आहे, पण आवाज आपण उठवायला हवा. ताई, तुम्ही मसुदा लिहा, सह्या मी गोळा करतो.

आणि मूळ प्रश्नाचं उत्तर मी दिलंच नाही. आमच्या घरात पहिला पदवीधर माझा धाकटा भाऊ. १९८६. मी दहावीनंतर कारखान्यात लागलो, त्याची फी भरायला. वाद घालतो तो त्यामुळंच. त्या पदवीत माझे चार पगार आहेत.

---

तासिकावाली | ९ नोव्हेंबर, सकाळी ६:५५

दादा, मसुदा रात्रीच लिहायला घेतला. रविवारपर्यंत पाठवते.

---

बार्शीकर_मोहन | ९ नोव्हेंबर, सकाळी ८:०२

सोलापूर जिल्ह्यातून माझी सही धरा. ते विद्यापीठ वेगळं झालं तरी आम्ही घरचेच.

---

शिरोळची_सई | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१५

काल रात्री बाबांना सगळा धागा वाचून दाखवला, दोन तास लागले. ज्ञानबाकाकांच्या डिंकापाशी त्यांनी चष्मा काढून पुसला.

मग त्यांनी एक गोष्ट सांगितली, ती मला माहीत नव्हती. ते पदवीदान समारंभाला गेलेच नव्हते. ऊसतोड चालू होती, आजोबा आजारी, गाडी भरायला माणूस नव्हता. प्रमाणपत्र पोस्टानं आलं. पोस्टमन फडाच्या बांधावर येऊन उभा राहिला, बाबांचे हात उसाच्या चिकानं काळे झालेले, म्हणून आजीनं पाकीट घेतलं. पदराला हात पुसले आणि मग उघडलं. तिनं ते उलटं धरलं होतं, म्हणाले.

१८ तारखेला मी, आई आणि बाबा कोल्हापूरला येतोय. बाबांना तो पुतळा आणि मुख्य इमारत जवळून बघायचीय, १९७९ नंतर ते आवारात गेलेले नाहीत. पानफूल, कंदीलपुष्पं त्या वेळी फुललेली असतील का? रंकाळा_रोज, सायबर चौकात किती वाजता असता?

---

रंकाळा_रोज | ९ नोव्हेंबर, रात्री ८:२०

पावणेसहाला. थंडी असेल, काकांना मफलर आणायला सांगा. मिसळ माझ्याकडून.

---

पानफूल | ९ नोव्हेंबर, रात्री ८:४४

कंदीलपुष्पांचा बहर पावसाळ्यातला, सईताई, नोव्हेंबरात बहुतेक वेली सुकून कंद झोपलेले असतात. पण मी येते आजऱ्याहून. कुठल्या कुंडीत काय आहे ते काकांना दाखवते. ऑगस्टमध्ये परत या, तेव्हा फुलं बघू.